कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेली कोंबडी: पहिल्या रात्री काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"डॉक्टर ताई, आम्ही नागपुरात हुडकेश्वरकडच्या एका ले-आउटमध्ये राहतो. मागच्या अंगणात चार गावरान कोंबड्या आहेत. त्यातली मिठी माझ्या मुलीची फार लाडकी, सहावीत आहे मुलगी. आज सायंकाळी फाटक उघडं राहिलं अन् मोकाट कुत्रं आत शिरलं. त्याने मिठीला पाठीकडून धरलं. मी खराट्याने हाणून सोडवलं, त्यात माझ्या मनगटालाही थोडं खरचटलं. मिठीची शेपटीच्या वरची तळहाताएवढी कातडी फाटली आहे. ह्यांनी हळद अन् खोबरेल तेल लावलं. रक्त थांबलं, पण ती कोपऱ्यात डोळे मिटून उभी आहे, काहीच खाऊन नाही राहिली. शेजारचे म्हणतात, दुखण्याची अर्धी गोळी द्या. सासूबाई म्हणतात, उद्या मरण्यापेक्षा आज कापा. पोरगी रडून राहिली आहे. घरी काय करता येईल? कोंबडीला डॉक्टर बघतात का? आणि एका कोंबडीसाठी एवढं करणं वेडेपणा आहे का?"

ताई,

तुमचं पत्र वाचलं तेव्हाच चार ओळी उलट पाठवल्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर अशी पत्रं आणखी येतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या मनगटाचं बोलू. पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे. झटापटीत लागलेला ओरखडा कुत्र्याच्या दाताचा की कोंबडीच्या नखाचा, हे सांगता येत नसेल तर तो कुत्र्याचा आहे असंच धरायचं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. त्यावर हळद, तिखट, चुना, काहीही लावू नका. आणि मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. ओरखड्यातून रक्त आलं असेल तर तसं तिथे स्पष्ट सांगा, कारण मग लसीसोबत आणखी एक इंजेक्शन लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि लस वेळेवर घेतली तर रोग होत नाही. मोकाट कुत्रं पुन्हा दिसेल, त्याच्यावर लक्ष ठेवू, असा विचार करत बसू नका. मिठीकडून तुम्हाला रेबीजची भीती नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. पण तिच्या पिसांवर कुत्र्याची ताजी लाळ आहे, तेव्हा जखम धुताना हातमोजे घाला आणि मुलीला त्या वेळी लांब ठेवा.

आता मिठी.

कोंबडी दुखणं लपवते. कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात आणि शिकारी प्राणीही तिच्यावरच पहिली झडप घालतो, म्हणून शक्य तोवर ती उभी राहते, चालते, दाण्याकडे गेल्यासारखंही करते. "चांगली चालून राहिली होती, सकाळी मेली" असं मी पुष्कळांकडून ऐकते. मिठी डोळे मिटून कोपऱ्यात उभी आहे याचा अर्थ लपवण्याइतकीही ताकद तिच्यात उरलेली नाही. तिला जबर धक्का बसलाय, आणि पहिल्या काही तासांत कुठल्याही औषधापेक्षा शांतता आणि अंधार जास्त उपयोगी पडतो.

तिला पकडताना पाठलाग करू नका. दिवा मंद करा, अंगावर हलका टॉवेल टाका, दोन्ही पंख शरीराला धरून उचला आणि एक हात खालून द्या. छाती दाबायची नाही. पक्ष्यांच्या छातीत आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खाली-वर झालं तरच त्यांना श्वास घेता येतो. माया म्हणून घट्ट कवटाळलेली जखमी कोंबडी कुशीतच गुदमरू शकते, हे मुलीला आजच समजावून सांगा. बाजारात धरतात तसं पाय धरून उलटं टांगू नका, आणि जखम बघायला उताणी झोपवूही नका.

मिठीचं रक्त थांबलंय, पण इतर वाचकांसाठी सांगते. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे एक लहान वाटीभर. त्यामुळे आपल्याला थोडं वाटणारं रक्त तिच्यासाठी बरंच असतं. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटं सलग दाबा. मधेच उचलून बघितलं की जमलेली गाठ सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नख किंवा चोचीचं टोक तुटलं असेल तर त्यावर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा दाबला तरी रक्त थांबतं. पण ही पूड फक्त नख-चोचीला, उघड्या मांसाला नाही. नवीन फुटलेल्या पिसाच्या दांडीत रक्त असतं, ती मोडली तरी धार लागते. तिथेही दाबच द्यायचा. तुऱ्याच्या रंगाकडे लक्ष ठेवा. पांढुरका पडला तर रक्त बरंच गेलंय, निळसर-जांभळा झाला तर श्वासाचा त्रास आहे.

मग तपासणी, आणि इथे घाई करू नका. कुत्र्याच्या चाव्यात फाटलेली कातडी डोळ्यांत भरते, पण जीव बहुतेकदा जातो तो न दिसणाऱ्या भोकांमुळे. वरच्या जबड्याच्या दातांनी पाठ धरली तर खालच्या जबड्याचे दात कुठे लागले? पोटाला, पंखाखाली, मांडीच्या आतल्या बाजूला. कापूस मिठाच्या पाण्यात भिजवून पिसं ओली करा, म्हणजे ती चिकटून बाजूला होतात आणि खालची कातडी दिसते. बोटाने पिसं विस्कटत इंच-इंच पुढे जा. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, भोवती निळसर कडा, आणि त्यात एखादं पीस ओढलं जाऊन रुतलेलं, असं काही सापडलं तर ती जागा वहीत लिहून ठेवा. जखमेभोवतीची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने कापा. उपटू नका, कातडी इतकी नाजूक असते की पिसासोबत फाटत जाते.

दोन गोष्टींनी माणसं फसतात, त्या इथेच सांगते. पहिली, दोन-तीन दिवसांनी मार लागलेली जागा हिरवी दिसायला लागेल. ते सडणं नसतं. मुका मार आपल्याला पिवळा पडतो, पक्ष्यांच्या शरीरात साकळलेल्या रक्ताचा रंग हिरव्यावरच थांबतो. वास येत नसेल आणि कातडी मऊ असेल तर घाबरू नका. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे. कोंबडीच्या जखमेतून आपल्यासारखा पातळ पू वाहत नाही. तिचा पू घट्ट असतो, पनीरच्या चुऱ्यासारखा, आणि तो आतच गोळा होऊन बसतो. म्हणून "पू नाही, म्हणजे जखम चांगली आहे" हा हिशेब तिच्या बाबतीत चुकतो.

धुण्यासाठी मेडिकल स्टोअरमधली नॉर्मल सलाईनची बाटली सगळ्यात चांगली. रात्री मिळाली नाही तर एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड ते पावणेदोन सपाट चमचे, आणि कोमट होऊ द्या. २० मिलिच्या सिरिंजची सुई काढून टाका आणि तिने जखमेवर पाण्याची धार सोडत राहा. माती, केस, हळदीचे गोळे निघून खालचं लालसर मांस स्वच्छ दिसेपर्यंत. एवढ्याने अर्ध्याहून अधिक काम होतं. त्यानंतर बीटाडीन वापरायचं तर पाण्यात इतकं पातळ करा की बाटलीतला गडद रंग फिका, आरपार दिसेल असा झाला पाहिजे. डेटॉल, फिनाईल, स्पिरिट नको. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघून समाधान वाटतं, पण तो नवीन येणारं मांसही जाळतो.

तुमच्या घरच्यांनी हळद लावली ती काळजीपोटी, त्यांना रागावू नका. हळद वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण खोल जखमेत भरलेली कोरडी पूड मळ आत कोंडून ठेवते, आणि पिवळ्या थराखाली काय चाललंय ते दिसत नाही. तेलाने पिसं चिकटतात आणि त्यांना धूळ लागते. दोन्ही धुऊन काढा. बधिर करणारी मलमं, ज्यांच्या नावाच्या शेवटी "केन" येतं ती, बेन्झोकेन किंवा लिग्नोकेन असलेली, कोंबडीला लावू नका. एवढ्या लहान शरीरात ती विषासारखी काम करू शकतात.

तळहाताएवढी जखम बघून तुमचा धीर सुटला असेल. खरं सांगायचं तर पाठीवरच्या अशा जखमा स्वच्छ ठेवल्या तर आश्चर्य वाटावं इतक्या चांगल्या भरून येतात, काही आठवड्यांत नवीन कातडी कडेकडेने आत सरकत येते. कुत्र्याच्या चाव्याला डॉक्टरांनी टाके घातले नाहीत तर निष्काळजीपणा समजू नका. आत घाण राहिलेली जखम शिवली की ती आतून चिघळते, म्हणून बरेचदा ती मुद्दाम उघडी ठेवतात.

आणि माश्या. जूनमधल्या आपल्या या दमट उकाड्यात उघडी जखम माशीला लगेच सापडते. तिची अंडी एका दिवसाच्या आतही फुटतात आणि अळ्या जिवंत मांसात शिरतात. म्हणून मिठीला घरात, जाळीच्या आत किंवा मच्छरदाणीखाली ठेवा, आणि सकाळ-सायंकाळ जखम उजेडात नीट बघा. तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसले तर ती माशीची अंडी, चिमट्याने काढा. अळ्या झाल्या असतील तर एक-एक काढून सलाईनची धार सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गोठ्यात गाई-म्हशींना टर्पेन्टाईन टाकतात ते बघून कोंबडीला टाकू नका, रॉकेलही नाही. तिची कातडी भाजते आणि वाफेने फुप्फुसं.

तिला ठेवायला संत्र्याचं रिकामं खोकं बरं पडेल, हवेला भोकं असतात आणि आपल्याकडे कुठेही मिळतं. तळाशी जुनी पांढरी सुती चादर घाला, म्हणजे रक्त आणि विष्ठेचा रंग लगेच कळतो. गोणपाट नको, त्याचे धागे बोटांत अडकतात. खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत, टीव्हीपासून आणि घरच्या मांजरापासून दूर.

ऊब द्यायची की नाही, यावर जरा थांबून सांगते. जखमी पक्ष्याला दिव्याखाली ठेवा हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो थंड हवेसाठी आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंशांच्या आसपास असतं. नागपुरात उन्हाळा अजून सरलेला नसताना खोक्यात बल्ब लावला तर ती जखमेआधी उष्म्याने जाईल. चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, म्हणजे तिला गरम होतंय. कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा, पण थेट झोतात नको. जखम धुताना पाठ भिजते, आणि ओल्या अंगावर सतत झोत बसला की ती गारठते. हाच प्रसंग डिसेंबरच्या रात्री आला असता तर मी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवायला सांगितली असती, म्हणजे हवं तर जवळ जावं, नको तर लांब बसावं.

पहिल्या रात्री तिने खाल्लं नाही तरी चालेल, पाणी मात्र पोटात जायला हवं. उथळ वाटी समोर ठेवा. ओआरएसचं पाणी काही तासांसाठी दिलं तर चांगलंच. पीत नसेल तर बोट बुडवून चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ती आपोआप गिळते. मग दुसरा. चोच उघडून चमच्याने पाणी ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे उघडं असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं, आणि वाचलेली कोंबडी आपल्याच हाताने जाते. ब्रँडीचे थेंब देणारेही आहेत, ते नको. सकाळी डोळे उघडून तिने इकडे-तिकडे बघितलं की मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा चुरा, भिजवलेलं रोजचं खाद्य थोडं-थोडं द्या. उपाशी असेपर्यंत विष्ठा हिरवी येईल, त्यावरून लगेच रोगाचा निष्कर्ष काढू नका.

शेजाऱ्यांची अर्धी गोळी. ताई, ती कृपा करून देऊ नका. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांत डायक्लोफेनॅक सर्रास असतं आणि पक्ष्यांचे मूत्रपिंड ते झेपवू शकत नाहीत. गुरांना दिलेल्या याच औषधाने, मेलेली गुरं खाऊन, आपल्या देशातली गिधाडं जवळपास संपली, आणि २००६ साली सरकारला जनावरांसाठी त्यावर बंदी आणावी लागली. पक्ष्यांचं दुखणं कमी करायला पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम वापरतात, पण त्याचं प्रमाण कोंबडीच्या वजनावर ठरतं, ते तुम्ही-आम्ही अंदाजाने ठरवायचं नाही. पोल्ट्रीच्या दुकानातून पाण्यात मिसळायची अँटिबायोटिकची पुडी आणणं हाही उपाय नाही. जखमी कोंबडी पाणीच कमी पिते, मग औषध पुरेसं जाणार कसं? शिवाय त्या पुड्या वाटेल तशा वापरल्याने पुढे औषधंच निकामी होतात. कोलिस्टिनसारखं माणसांसाठी राखून ठेवायचं औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं, म्हणून २०१९ मध्ये त्यावर बंदी आली.

पण अँटिबायोटिक लागणार नाही असं मी म्हणत नाही. चाव्याला ते बहुतेक वेळा लागतंच, आणि म्हणून डॉक्टरांकडे २४ तासांच्या आत जायचं, जखम वरून बरी दिसत असली तरीही. ज्यांच्या कोंबडीला मांजराच्या दाताची बारीक टोच लागली असेल त्यांनी तर आणखी घाई करावी. मांजराच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जंतू असतात, कोंबड्यांचा कॉलरा याच जंतूंनी होतो, लुई पाश्चरने १८७९-८० मध्ये ज्यावर काम केलं तोच. दिसायला टाचणीएवढी टोच आणि दोन दिवसांत कोंबडी गेलेली, असं होतं.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाटही बघू नका: चोच उघडून ओढून-ओढून श्वास, मान उचलता न येणं, पोटाची भिंत फाटून आतलं दिसणं, कातडीखाली हवा भरून फुगा येणं. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्या फाटल्या की असा फुगा येतो. पंख लोंबत असेल तर तो नेहमीसारखा मिटवून अंगासोबत मऊ पट्टीने सैल बांधा, पट्टीखाली बोट सहज गेलं पाहिजे. हाड बाहेर दिसत असेल, तेही खांद्याजवळचं, तर त्यावर पाणी सोडू नका. पंखाचं वरचं हाड आतून पोकळ असतं आणि श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. तिथे ओलसर स्वच्छ कापड ठेवून तशीच न्या. पायाच्या हाडाला घरी खपच्या बांधत बसण्यापेक्षा मऊ कापडात बसवून नेणं चांगलं.

कोंबडीला डॉक्टर बघतात का, हे तुम्ही थोडं संकोचून विचारलंय. बघतात. आपण नागपूरकर या बाबतीत नशीबवान आहोत. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्यात गाई-म्हशींपासून कुत्र्या-मांजरांपर्यंत सगळे येतात, आणि कोंबड्यांचे रोग हा तर तिथे शिकवला जाणारा विषय. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक फोनमध्ये टाकून ठेवा, जवळचा दवाखाना कुठला उघडा आहे ते तिथे विचारता येईल. खाजगी दवाखान्यात जायचं तर आधी फोन करून "पक्षी बघता का" एवढं विचारा, सगळेच बघत नाहीत. नेताना खोक्यात बसवून, खोकं मांडीवर घेऊन, ऊन तापायच्या आत. पिशवीत कोंबून गाडीच्या हँडलला लटकवू नका. डॉक्टरांना सांगा: कधी चावलं, कशाने धुतलं, काय लावलं, शेवटचं पाणी कधी प्यायली, शेवटचं अंडं कधी दिलं. औषध सुरू झालं की तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्या.

यातच सासूबाईंच्या बोलण्याचं अर्धं उत्तर आलं. त्यांना मी निर्दय म्हणणार नाही. ज्यांच्या लहानपणी घरची कोंबडी म्हणजे अडीअडचणीचा पैसा होता, त्यांना जीव वाया जाऊ न देणं हेच योग्य वाटतं, आणि त्यात विचार आहे. पण मिठीच्या मांसात कुत्र्याचे दात रुतलेत, लाळ गेलीय, साकळलेलं रक्त आहे. ते घरात शिजवू नका, उद्या औषध दिल्यावर तर अजिबातच नको. एवढं शांतपणे सांगितलंत तर त्या ऐकतील असं वाटतं. आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ही वाचणार नाही, फक्त हाल होतील, तर तिला तिथेच वेदनेविना जाऊ द्या. मुलीला तसं खरं सांगा. कोंबडी "गावाला पाठवली" असं सांगू नका, सहावीतल्या मुलीला ते कळतं आणि ती पुढे तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

एका कोंबडीसाठी एवढं करणं वेडेपणा आहे का? नाही, ताई. तुम्ही तिला पाळलीत, तिला नाव दिलंत, तुमच्या अंगणात ती तुमच्या भरवशावर फिरत होती. किंमत बाजारात किती, हा प्रश्न विकत घेताना ठीक होता. आज ती दुखण्यात आहे आणि ते कमी करणं तुमच्या हातात आहे, मला एवढं कारण पुरेसं वाटतं. खर्चाची मर्यादा प्रत्येक घराची असते, ती डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, त्यानुसार उपचार ठरवता येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बरी होऊ लागली की तिला लगेच बाकीच्या तिघींत सोडू नका. लाल रंग दिसला की कोंबड्या टोचतात, मैत्रीण असली तरी. जखम पूर्ण झाकली जाईपर्यंत वेगळं ठेवा, धुळीत लोळू देऊ नका, पण दिवसा तिचा पिंजरा बाकीच्यांना दिसेल असा ठेवा. फार दिवस नजरेआड राहिलेली कोंबडी परत आली की तिघी तिला परकी समजून मारतात. सोडायची ती सायंकाळी, सगळ्या बसायला जातात तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिथे हजर राहा.

एक सावधगिरीही. जखम नसताना एकाहून जास्त कोंबड्या मलूल झाल्या, मान वाकडी झाली, तुरे जांभळे पडले किंवा अचानक मरायला लागल्या, तर घरगुती उपाय थांबवा, हात लावू नका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. मार्च २०२४ मध्ये नागपुरातल्याच सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हा ही दूरची गोष्ट नाही. मिठीचा तसा काही संबंध दिसत नाही. तरी तिला हाताळल्यावर साबणाने हात धुणं आणि मुलीने तिचा पापा न घेणं, एवढं घरात ठरवून टाका.

या रविवारी ह्यांना एक काम सांगा. फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवून घ्या, आणि खुराड्याला षटकोनी पातळ जाळी असेल तर ती बदला. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि तिची खालची कडा फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबा, म्हणजे उकरून आत शिरणाऱ्या मुंगसालाही वाट मिळणार नाही. दिवेलागणीच्या आधी कोंबड्या मोजून आत घ्यायचं काम मुलीकडे द्या, ती ते मनापासून करेल. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी बाकीच्या तिघींच्याही पंखाखाली बोट फिरवून बघा. कुत्र्याने धरलेली एक दिसली, पण त्याच्या तोंडातून सुटलेली आणखी एखादी असू शकते.